हरसिंगच्या जीपची चेसी

आमच्या घराच्या भिंती साऱ्या मोहल्ल्यात सगळ्यात पांढऱ्या होत्या. दारव्ह्याला लोक चुना विकत आणत, भिजवत आणि सणावाराला भिंतींना लावत. आमच्याकडे तो बाराही महिने घरातच तयार होई. अंगणाच्या कोपऱ्यात, कडुनिंबाखाली, अब्बांची गॅसची टाकी होती. तिच्यात कार्बाईडचे राखाडी खडे टाकून पाणी सोडलं की आत खदखद सुरू होई आणि गॅस वर चढे. काम संपल्यावर टाकीच्या बुडाशी दाट पांढरा गाळ उरे, तोच चुना. अम्मी तो बादलीत काढून मुरू देई आणि जुन्या केरसुणीनं भिंतीला फासे. पाहुणे आत पाऊल टाकताच म्हणत, किती उजेड आहे तुमच्या घरात. पण त्या उजेडाला वास होता, लसूण जळल्यासारखा उग्र, आणि तो आमच्या उशांना, ओढण्यांना, अगदी डब्यातल्या शेवयांनाही लागलेला असे. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी विचारायची, तुमच्याकडे रोजच लसणाची फोडणी असते का. मी हो म्हणून मोकळी व्हायची. टाकीचं सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

पुढचं म्हणजे हे, की त्या टाकीवर काम मी करत असे. अब्बांना गाव वली मिस्त्री म्हणून ओळखे. तरुणपणी ते मोटारींच्या कारखान्यात होते, मग दारव्ह्याला येऊन त्यांनी घराच्या ओसरीवरच दुकान मांडलं. सायकलींच्या मोडक्या चौकटी, दूधवाल्यांच्या गळक्या कॅन, इंजिनांच्या फुटक्या नळ्या, सगळं त्यांच्याकडे येई. मी सातवीत होते त्याच सुमारास त्यांना एक लांबलचक ताप आला. तापातून उठले ते उजव्या हाताला कंप घेऊन. बशीतला चहा ओठांपर्यंत जाईतो निम्मा सदऱ्यावर सांडायचा. चहाचं एक वेळ ठीक, पण ज्योतीचं काम थरथरत्या हाताचं नाही. ज्योत एका जागी अंमळ जास्त रेंगाळली की पत्र्याला भोक पडतं, घाईनं पुढं गेली की सांधा वरवरचा राहतो. थोरला भाऊ हनीफ तेव्हा नागपूरला एका कारखान्यात काम शिकत होता. एका दुपारी दूधवाला कॅन टाकून गेला, संध्याकाळी नेतो म्हणाला. अब्बा बराच वेळ त्या कॅनसमोर बसून राहिले आणि मग त्यांनी मला हाक मारली. ओसरी आणि अंगण यांच्यामधल्या दाराला त्या दिवशी गोणपाटाचा पडदा लागला. पडद्याबाहेर अब्बा गिऱ्हाइकांशी बोलत, माल घेत, माल देत. पडद्याआड मी काळा चष्मा लावून बसे. किती जणांना ते ठाऊक होतं कोण जाणे. बहुतेकांना असावं. आमच्या गावात माणसं बरंच काही ओळखून असत आणि त्यातलं थोडंच बोलत.

घरात आम्ही बोलत होतो ती भाषा म्हणजे उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी. अम्मी चिडली की उर्दूत जाई, अब्बा खुशीत आले की वऱ्हाडीत येत. इथं मी सगळं वऱ्हाडीच्याच अंगानं लिहिते आहे, कारण कानात राहिलंय ते तसंच. अम्मीला माझं हे काम मुळीच पसंत नव्हतं. माझ्या मनगटांवर ठिणग्यांचे बारीक काळे डाग पडत आणि ती रोज संध्याकाळी त्यांना खोबरेल लावताना अब्बांना ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटे. ती भांडत नसे. तव्यावर भाकरी जरा जोरात आपटे, एवढंच. तिच्या हातच्या अंबाडीच्या भाजीची आणि जवसाच्या चटणीची चव अजून माझ्या जिभेवर आहे, पण त्याहून जास्त मला आठवतो तो भाकरी थापण्याचा आवाज. त्या आवाजावरून आम्हा सगळ्यांना तिचं मन कळत असे.

आणि दुसरा आवाज ज्योतीचा. पितळी ब्लोपाइप हातात घ्यायचा, गॅसची कळ जरा सोडायची, काडी लावायची. आधी पिवळी, धूर ओकणारी, काजळीचे धागे उडवणारी ज्योत यायची. मग ऑक्सिजन हळूहळू सोडत न्यायचा. ज्योत आखडत जाई, पिवळी जाऊन निळी होई, आणि शेवटी टोकाशी एक छोटी, घट्ट, पांढरट निळी कणी उभी राही. ती उभी राहिली की आवाज बदलायचा. फुरफुर थांबून एकसारखा सूर लागायचा. अब्बा पडद्याबाहेरून केवळ त्या आवाजावरून सांगत, ऑक्सिजन जास्त झाला, कमी कर. लोखंड तापून आधी लाल, मग नारिंगी, मग ओलं दिसू लागतं. हे ओलं दिसणं मला कधी कुणाला नीट समजावून सांगता आलं नाही. दोन वेगळे तुकडे एका क्षणाला पाण्यासारखे होऊन एकमेकांत शिरतात, आणि मग त्यातला कुठला कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. आज मी उमरखेडला ज्या घरात राहते त्याच्या समोर शटर बनवणाऱ्याचं दुकान आहे. तिथं ठिणग्या उडू लागल्या की नात मला खिडकीतून ओढते, म्हणते, आजी, डोळे जातील. मी तिला म्हणते, माझे डोळे या कामाच्या ओळखीचे आहेत. तिला ते थट्टेत बोलल्यासारखं वाटतं.

हनीफ नागपूरहून परत आला तो विजेचं वेल्डिंग शिकून. बसस्टँडच्या रस्त्याला त्यानं एक टिनाचं शेड भाड्यानं घेतलं होतं, तिथवर विजेची मोठी लाईन आली होती. नागपूरच्या मालकानं बदललेला जुना वेल्डिंगचा सेट त्यानं आमच्या गावच्या छोट्या रेल्वेगाडीच्या मालडब्यातून आणवला. तो सेट स्टेशनवर उतरवायला चार हमाल लागले आणि अब्बा स्वतः बघायला गेले. परत आले ते सरळ टाकीतला गाळ काढायला बसले. मला मात्र हनीफनं उत्साहानं सगळं सांगितलं. वायरीच्या टोकाला चिमटा, चिमट्यात काडी, काडी लोखंडाला टेकवली की वीज उडी मारते आणि काडीच वितळून सांध्यात उतरते. टाकी नको, कार्बाईड नको, दूरगावाहून सिलिंडर यायची वाट पाहणं नको. हनीफ माझ्याहून मोठा, पण मला त्यानं कधी लहान धरलं नाही. माझी जुनी कामं हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिली आणि विचारलं, हे तू केलं? मग माझ्या डोक्यावर टपली मारली. आमच्या घरात कौतुक असंच व्हायचं.

हरसिंग आमच्याकडे आला तो त्याच दिवसांत. बोरी अरबच्या वाटेवर त्याचा बंजारा तांडा होता. त्याचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरत; त्याच्या बापानं बैल नांगराला जुंपले आणि कापूस पेरला. हरसिंगला शेती जमत होती, पण जीव रमत नव्हता. त्यानं लिलावात निघालेली फौजेची जुनी जीप घेतली. तिचं इंजिन दमलेलं निघालं, तर घाटात उलटलेल्या एका ट्रकचं मोठं इंजिन मिळवून ते त्यानं जीपमध्ये बसवायचं ठरवलं. वरचं छप्पर, मागचा पत्रा, सगळं काढून टाकून त्याला पाठीमागे लांब फळ्या टाकायच्या होत्या, म्हणजे बाजाराच्या दिवशी पोती आणि माणसं दोन्ही बसतील. तशी नागडी, नाक पुढं आलेली जीप बैल जुंपून ओढत त्यानं आमच्या दाराशी आणली तेव्हा सारा मोहल्ला हसत गोळा झाला. हरसिंगही हसला. त्याची बायको सोनीबाई मात्र हसली नाही. आरशांच्या घागऱ्यात, कोपरापर्यंत बांगड्या घालून ती जीपच्या पाठीमागे चालत आली होती. ती सरळ अंगणात येऊन अम्मीजवळ बसली आणि तिनं ओच्यातून भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा काढून आमच्यासमोर ओतल्या.

अब्बांनी जीपखाली सतरंजी टाकून घेतली आणि उताणे होऊन आत सरकले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, की गाडी जिच्यावर उभी असते ती चेसी, म्हणजे खालच्या दोन लांब लोखंडी पट्ट्या, हलक्या इंजिनासाठी बनलेली आहे. ट्रकचं इंजिन ठेवलं तर पुढच्या आडव्या कांबीजवळ ती मोडेल. मोडायला आताच लागली आहे. मी वाकून पाहिलं. डाव्या पट्टीच्या खालच्या काठाला केसासारखी भेग होती, तिच्यात गंज भरलेला. पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी जाड पाट्या लावून बळकटी द्यायची, इथवर सगळ्यांचं एकमत झालं. प्रश्न उरला तो पाट्या जोडायच्या कशा.

पहिल्यांदा अब्बा रिव्हेट म्हणाले, पण रिव्हेटला भोकं पाडावी लागतात आणि आधीच अशक्त पट्टीला भोकं पाडणं त्यांच्याच मनाला पटेना. मग गॅस. गॅसवर त्यांचा आयुष्यभराचा विश्वास. हनीफ म्हणाला, वीज. त्या दिवशी जेवताना दोघं आदबीनंच बोलत होते, पण कुणाचा घास हलत नव्हता. हनीफचं म्हणणं असं, की गॅसनं एवढं जाड लोखंड ओलं करायचं तर हातभर जागा तापवावी लागते. थंड होताना ते आखडतं आणि पट्टी वाकते. चेसी वाकली की चाकं एका रेषेत चालत नाहीत. अब्बा म्हणत होते, विजेचा सांधा पपडीसारखा असतो, वरून देखणा आणि आतून ठिसूळ. त्यांनी तसे तडकलेले पाहिले होते. अम्मीनं दालच्याचं भांडं मध्ये ठेवलं आणि म्हणाली, आधी खाऊन घ्या, मग लोखंड खा.

हनीफ काय बोलतो ते मला समजत होतं, आणि त्याचा पुढचा अर्थही. विजेची लाईन आमच्या गल्लीत नव्हती. विजेचं काम म्हणजे शेडमध्ये, बसस्टँडच्या रस्त्यावर, जिथं दिवसभर ड्रायव्हर-कंडक्टरांचा राबता. तिथं गोणपाटाचा पडदा लावून मला बसता येणार नव्हतं. मोटारीची कामं एकदा विजेवर गेली की सायकलीही जातील, कॅनही जातील. हे कुणी बोललं नाही. अब्बांनी मात्र जेवण झाल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, त्यावरून मला वाटलं, की गॅसचा एवढा हट्ट ते निव्वळ चेसीसाठी धरत नाहीत.

शेवटी हरसिंगच म्हणाला की दोन्ही करून पाहू. फुटक्या नांगराच्या आणि जुन्या गाडीच्या पट्ट्यांचे सारखे तुकडे काढले. अंगणात मी गॅसनं एक जोड केला. त्या दिवशी मी जितकी सावकाश आणि जितकी मन लावून बसले तितकी आधी कधी बसले नव्हते. सांधा असा उतरला की माशाचे खवले एकावर एक बसावेत. हनीफनं शेडमध्ये विजेनं दुसरा जोड केला. मग दोन्ही तुकडे आळीपाळीनं पकडीत धरून हरसिंगनं घण घातला. हनीफचा तुकडा तिसऱ्या घावाला सांध्यातच तडकला. हनीफचा चेहरा उतरला. त्यानं तुटलेलं टोक नाकाजवळ धरून पाहिलं आणि म्हणाला, काड्या ओलसर झाल्यात, पावसाळ्यात शेड गळलं होतं. अम्मीच्या तव्यावर त्यानं काड्या पसरून तापवल्या. भाकरीच्या तव्यावर लोखंडाच्या काड्या पाहून अम्मीला काय वाटलं असेल, पण ती बाजूला सरली आणि तिनं चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं. कोरड्या काड्यांनी केलेला जोड घणाखाली वाकला, पार दुमडला, पण सुटला नाही. माझाही सुटला नाही. दोघं बरोबरीत, असं म्हणून हरसिंगनं घण खाली ठेवला.

पण दोन्ही जोड आधी अब्बांनी सरळ फळीवर ठेवून पाहिले होते, ते मी विसरले नव्हते. हनीफचा तुकडा फळीला चिकटून बसला होता. माझ्या तुकड्याच्या दोन्ही टोकांखालून उजेड दिसत होता. हाताएवढ्या तुकड्यात एवढी वाक, तर चेसीच्या लांबीला किती येईल हे कळायला शाळा लागत नाही. अब्बांनीही तो उजेड पाहिला होता. ते ओसरीच्या पायरीवर बसले, कंप सुटलेला हात दुसऱ्या हातानं धरून, आणि म्हणाले, "जुबेदा, काम तुह्या हातचं आहे. तूच सांग, कायनं करू?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. हनीफ, हरसिंग, अम्मी दाराशी, आणि तिच्या मागे सोनीबाई. सोनीबाईला मराठी थोडीच येई, पण तिनं हरसिंगला त्यांच्या गोर बोलीत काहीतरी सांगितलं आणि हरसिंगनं ते मला सांगितलं. "बाई म्हणून राह्यली, मी पोराले घेऊन मांगं बसीन. जे तुले तुह्या भावासाठी बरं वाटते तेच माह्यासाठी सांगजो."

गॅस म्हणाले असते तरी चाललं असतं. अब्बा खुश झाले असते, हनीफनं मान दिला असता, आणि वाकलेली पट्टी आम्ही तापवून, ठोकून पुन्हा सरळ केलीही असती. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. ज्योतीचा तो लागलेला सूर कानात होता. मी म्हणाले, "वीज. माह्या हातानं चेसी वाकीन, अब्बा. भैयाच्या हातानं नाही वाकणार."

अब्बांनी मान हलवली. नंतर म्हणाले, "मले दिसलं होतं. पण माह्या तोंडून निघत नव्हतं." आणि ते उठून खडू आणायला आत गेले.

मग मात्र त्यांनी कामात जो जीव ओतला तो मी आजारपणानंतर प्रथमच पाहिला. पाटीची टोकं सरळ कापायची नाहीत, असं त्यांनी हनीफला बजावलं. टोक सरळ असलं की सांधा पट्टीवर आडवा येतो, आणि गाडी हेलकावली की नेमकी त्या आडव्या रेषेवर पट्टी मोडते. त्यांनी थरथरत्या हातानं खडूची रेघ काढली, ती वाकडी आली, पुसली. मग माझा हात धरून माझ्या हातानं काढली. माशाच्या शेपटीसारखी दोन्ही बाजूंना निमुळती होत गेलेली टोकं. हनीफ म्हणाला, नागपूरला कुणी असं दाखवलं नव्हतं. अब्बांचा चेहरा त्यावर जो झाला तो मला अजून दिसतो. पाट्या चेसीच्या पट्टीच्या पन्हाळीसारख्या खोबणीत घट्ट बसाव्यात म्हणून त्यांचे काठ वळवायचे होते, आणि त्यासाठी लोखंड लाल करायला ज्योतच लागली. ते काम माझं. मी तापवत होते, हरसिंग पकडीनं धरत होता, हनीफ ठोकत होता, अब्बा रंग पाहून बस म्हणत होते. सोनीबाई आणि अम्मीनं त्या दिवशी अंगणातच चूल मांडली. सोनीबाईनं बाट्या निखाऱ्यात भाजल्या, अम्मीनं आलू-वांग्याची लालभडक भाजी केली, आणि काजळीनं काळे झालेले आम्ही सगळे कडुनिंबाखाली एकाच परातीभोवती जेवायला बसलो. हरसिंगला उचकी लागली इतकी ती भाजी तिखट होती. अम्मी तोंडाला पदर लावून हसली. माझ्या आयुष्यातल्या जेवणांपैकी एक पुन्हा मिळणार असेल तर मी ते मागेन.

जीप ढकलत शेडला नेली आणि तिथं हनीफनं ती जोडली. मी ते पाहिलं नाही. घरी बसून ज्वारी निवडली. अब्बांनी येऊन सांगितलं, की त्यानं थोडं इकडे, थोडं तिकडे असं करत सांधा पुरा केला, एका बाजूला धग साचू दिली नाही. दोरी लावून पाहिलं तर चेसी अगदी सुतात सरळ. इंजिन चढल्यावर हरसिंग जीप घेऊन आमच्या दाराशी आला. ट्रकच्या इंजिनाचा तो घोगरा गडगडाट ऐकून आमच्या कोंबड्या छपरावर चढल्या. अब्बा पुढे बसले, हनीफ मागे पोत्यांवर, आणि ते घाटाकडे निघून गेले. अम्मीनं भाकऱ्या थापायला घेतल्या, पण त्या दिवशीचा आवाज मला कळेना. थापे आणि मध्येच थांबे. ऊन कलल्यावर ते आले. अब्बांच्या पांढऱ्या दाढीत लाल धूळ होती. घाट चढताना, उतरताना, नाल्यातल्या दगडांवरून आपटताना, चेसीनं हूं की चूं केलं नाही. अब्बांनी खाली सरकून पाट्यांची टोकं पाहिली, कुठं भेग नव्हती, खडूच्या खुणा पण तशाच होत्या. पुढं कितीतरी वर्षं ती जीप बोरी अरबच्या बाजाराला जात राहिली. सोनीबाई मागच्या फळीवर मुलाला मांडीवर घेऊन ताठ बसे आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की हात उंच करून बांगड्या वाजवी.

त्यानंतर झालं ते मला अपेक्षित होतं तसंच झालं, पण इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. घाट चढलेली जीप लोकांनी पाहिली होती. मोटारी शेडकडे गेल्या, त्यांच्या मागून सायकलीही गेल्या. अब्बाही सकाळी डबा घेऊन शेडमध्ये जाऊन बसू लागले. खडूनं खुणा करायला, हनीफवर ओरडायला. त्यांचा रंग सुधारला. मला त्याचा आनंद होता, हे खरंच आहे. पण टाकीतली खदखद बंद झाली. गोणपाटाचा पडदा काढला आणि अंगणातून ओसरीपलीकडचा रस्ता एकदम मोठा दिसू लागला. अम्मीला दुसऱ्या वर्षी भिंतींसाठी चुना बाजारातून आणावा लागला. माझ्या मनगटांवरचे डाग पुसट होत गेले, तेव्हा अम्मी ते उजेडात धरून समाधानानं पाहायची आणि मी हात मागे घ्यायची. उमरखेडच्या स्थळाची बोलणी सुरू झाली. माणसं भली होती, किराण्याचं दुकान होतं. माझी तक्रार काहीच नव्हती. फक्त दुपारी, सगळीकडे सामसूम झाली की माझा उजवा हात आपोआप मांडीवर हळूहळू सरकायला लागे, ज्योत पुढे नेताना सरकतो तसा.

हनीफनं ते कधीतरी पाहिलं असावं. लग्नाच्या थोडे दिवस आधी, एका शुक्रवारी, नमाज झाल्यावर दुकान बंद असताना तो घरी आला आणि अम्मीला म्हणाला, जुबेदाले चपला दाखवायले नेतो. चपलांच्या दुकानावरून आम्ही पुढे गेलो आणि मागच्या बोळातून शेडमध्ये शिरलो. त्यानं दार लोटून घेतलं. आत तेलाचा, जळक्या लोखंडाचा वास होता, लसणाचा नव्हता. त्यानं माझ्या हातात चिमटा दिला, दुसऱ्या हातात काच लावलेली ढाल दिली, आणि म्हणाला, "आगपेटीची काडी घासतो तशी घास. घाबरू नोको."

काडी लोखंडाला चिकटून बसली. सोडवली, पुन्हा घासली, पुन्हा चिकटली. गॅसच्या ज्योतीला मी दुरूनच वागवत आले होते, ही वीज मात्र जवळ गेलं की पकडून ठेवी आणि दूर गेलं की विझे. हनीफ पोट धरून हसत होता, मीही हसत होते, हसताना ढाल बाजूला होत होती आणि तो लखलखाट सरळ डोळ्यांत जात होता. केव्हातरी एकदा काडी धरली. काचेतून काही दिसेना, नुसता हिरवा अंधार आणि त्यात एक तारा. मग तळणीसारखा चरचर आवाज लागला, एकसारखा, आणि मला कळलं, की हा आवाजही ओळखता येतो, फक्त वेळ हवा. वीतभर सांधा मी ओढला असेन. काडी संपली. हनीफनं वरची पपडी हातोडीनं झटकली आणि वाकून पाहिलं. वाकडातिकडा होता, कुठे फुगलेला, कुठे जळलेला. "शिकली असती तं माह्या वर गेली असती तू," तो म्हणाला आणि दार उघडायला वळला.

संध्याकाळी माझे डोळे पेटले. पापण्यांत तापलेली वाळू भरल्यासारखं झालं, पाणी थांबेना. मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले आणि अम्मीला म्हटलं, धूळ गेली. अम्मीनं माझी हनुवटी धरून तोंड कंदिलाकडे फिरवलं. तिनं शेडमधून आलेल्या अब्बांचे डोळे पाहिले होते, हनीफचे पाहिले होते. तिला काय ते सांगायची गरज नव्हती. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी अंग चोरलं. ती उठून गेली. परत आली ती गुलाबपाण्याची बाटली आणि कापूस घेऊन. दोन्ही डोळ्यांवर तिनं गार कापूस ठेवला आणि खाटेच्या कडेला बसून राहिली. डोळे झाकलेले असल्यानं मला फक्त तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं तिनं माझं मनगट हातात घेतलं, जिथं ते डाग होते तिथं अंगठा फिरवला, आणि हळू आवाजात विचारलं, "भरला काय जीव आता?"

"नाही," मी म्हटलं.

"मले वाटलंच," अम्मी म्हणाली, आणि तिनं कापूस पुन्हा गुलाबपाण्यात भिजवला.